सोसायटीचं बिल २,१४,७४,८३६ रुपये ४७ पैसे. हा आकडा आला कुठून?

वाघबीळकर | ३ जुलै, रात्री ९:१२

मंडळी, आज संध्याकाळी सोसायटीच्या ॲपवर जुलैचं मेंटेनन्स बिल आलं. दर महिन्याला ४,८५० असतं. या वेळी 'एकूण देय'च्या पुढे हे लिहिलेलं:

₹ २,१४,७४,८३६.४७

दोन कोटी चौदा लाख! घोडबंदर रोडचा टू बीएचके विकला तरी एवढे सुटायचे नाहीत. बायको म्हणाली, आधी खाली बसा, मग वाचा. सेक्रेटरींना फोन लावला तर म्हणाले, "सॉफ्टवेअरवाल्यांना कळवलंय, तुम्ही भरू नका." जसा काही मी चेकबुक काढूनच बसलो होतो.

ते निस्तरेल. माझा प्रश्न वेगळा आहे. चूकच व्हायची तर दोन शून्यं जास्त पडून ४,८५,००० यावेत, किंवा सगळे नऊ यावेत. हा असला वेडावाकडा आकडा कुठून उपटला? आणि ४७ पैसे? आमच्याकडे पैशांत हिशोब कधीच नसतो.

ऐरोली_लोकल | ३ जुलै, रात्री ९:३१

काका, रुपये आणि पैशांमधला टिंब पुसा आणि परत वाचा. २,१४,७४,८३,६४७.

आमच्या धंद्यातल्या कोणालाही झोपेतून उठवून हा आकडा दाखवा, तो दचकून उठेल. तुमच्या ॲपने रक्कम पैशांत साठवली आहे आणि त्यासाठी ३२ बिटांची जागा ठेवली आहे. त्यातला एक बिट अधिक-उणे चिन्हाला जातो, उरले ३१. एकतिसाच्या एकतीस जागी १ भरला की जी संख्या होते ती ही. यापुढे जागाच नाही. काही डेटाबेसमध्ये कडक तपासणी बंद ठेवली असेल, तर याहून मोठी रक्कम आली तरी ते कुरकुर करत नाहीत, गुपचूप याच आकड्यावर छाटून ठेवतात. म्हणजे तुमच्या नावावर कोणीतरी याच्याहूनही मोठं काहीतरी टाकलं होतं. नक्की किती, ते त्या रकान्याकडे बघून आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

गूळपोळी | ३ जुलै, रात्री ९:४०

बिट, रकाने सगळं डोक्यावरून गेलं. मी अकाउंट्सवाली, मला रुपये-पैशांत सांगा.

मास्तर_नौपाडा | ३ जुलै, रात्री १०:१८

गूळपोळी ताई, रुपये-पैशांतच सांगतो. चौतीस वर्षं गणित शिकवलं, पण आकड्याने स्वतःहून बिल होऊन दारात यावं असं भाग्य मला कधी लाभलं नाही.

असं समजा की १ जुलैला कोणी तुमच्याकडून १ पैसा घेतला. २ तारखेला २ पैसे, ३ तारखेला ४, चौथ्या दिवशी ८. रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट. दहा तारखेचा हप्ता होतो ५ रुपये १२ पैसे, आणि तोवरची एकूण रक्कम १० रुपये २३ पैसे. एका कटिंगचे पैसे. वीस तारखेपर्यंत एकूण १०,४८५ रुपये ७५ पैसे. इथवर माणूस म्हणतो, ठीक आहे, महाग पडलं पण झेपलं. ३१ जुलैचा एका दिवसाचा हप्ता १,०७,३७,४१८ रुपये २४ पैसे. आणि महिन्याची बेरीज?

२,१४,७४,८३६ रुपये ४७ पैसे. एक पैसा इकडे नाही, एक पैसा तिकडे नाही.

ऐरोलीकर ज्याला 'एकतीस जागी १' म्हणतात ते हेच. प्रत्येक जागा म्हणजे एक दिवस.

वाघबीळकर | ३ जुलै, रात्री १०:२६

मास्तर, अंगावर काटा आला. जुलै ३१ दिवसांचाच आहे हो!

ऐरोली_लोकल | ३ जुलै, रात्री १०:२९

तो योगायोग, काका. हे फेब्रुवारीतही झालं असतं.

गूळपोळी | ३ जुलै, रात्री १०:३५

आत्ता कळलं. पण शेवटी ४८ न येता ४७ का?

मास्तर_नौपाडा | ३ जुलै, रात्री १०:५२

फार योग्य जागी बोट ठेवलंत. दुपटीच्या खेळात आजवरची सगळी बेरीज ही उद्याच्या हप्त्यापेक्षा बरोब्बर एकाने कमी असते. १+२+४ = ७, पुढचा हप्ता ८. जुलैला ३२ तारीख असती तर तिचा हप्ता २,१४,७४,८३६.४८ झाला असता. २ चा ३१ वा घात तो. त्यातून १ वजा केला की आपली संख्या.

आता खरी मेख सांगतो. ही संख्या मूळ आहे. १ आणि ती स्वतः सोडून तिला कोणीही निःशेष भागत नाही.

वाघबीळकर | ३ जुलै, रात्री ११:०३

म्हणजे सर्वांनी मिळून भरायचं म्हटलं तरी सारखं वाटता येणार नाही? आमच्याकडे १४४ फ्लॅट आहेत.

मास्तर_नौपाडा | ३ जुलै, रात्री ११:१५

नाही येणार. प्रत्येकी १,४९,१३० रुपये ८० पैसे काढलेत तरी १२७ पैसे उरतील. गंमत बघा, ही १२७ सुद्धा त्याच घराण्यातली: २ चा सातवा घात वजा १, आणि मूळ.

कोपरीचा_संशयी | ४ जुलै, सकाळी ७:५०

मूळ आहे हे कोणी तपासलं? कॉम्प्युटरनेच ना? हल्ली काहीही ठोकून देतात.

मास्तर_नौपाडा | ४ जुलै, सकाळी ११:३०

कॉम्प्युटर नव्हता तेव्हाची गोष्ट आहे. १७७२ सालची. माणसाचं नाव लिओनार्ड ऑयलर, मुक्काम सेंट पीटर्सबर्ग, आणि तोवर त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती.

तसा दावा आधीच झालेला होता. १५८८ मध्ये इटलीतल्या कॅटाल्डीने म्हटलं की २ चे घात १७, १९, २३, २९, ३१ आणि ३७ घेऊन १ वजा केला तर सहाही वेळा मूळ संख्या मिळते. १७ आणि १९ त्याने नीट तपासले होते आणि ते बरोबर निघाले. पुढच्या चारांपैकी फक्त ३१ खरा ठरला. २३ आणि ३७ चे अवयव फ्रेंच गणितज्ञ फर्माने १६४० मध्ये काढले. २९ चे ऑयलरने दाखवले: २३३ × ११०३ × २०८९. म्हणून कोणी 'घात मूळ असला की संख्याही मूळ' असं सांगितलं तर ऐकू नका. २ चा अकरावा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ती २३ × ८९ आहे. शाळेत दरवर्षी एखादा हुशार मुलगा या सापळ्यात हमखास पडायचा.

आता कोपरीकर, तपासायचं कसं ते बघा. संख्येचं वर्गमूळ साधारण ४६,३४१. तोवरच्या मूळ संख्या सुमारे ४,८००. तेवढे भागाकार हाताने करायचे म्हणजे जन्म जायचा. ऑयलरने आधी चाळणी लावली. समजा एखादी मूळ संख्या आपल्या संख्येला भागते. मग फर्माच्या नियमाने त्या भाजकातून १ वजा केल्यावर उरलेल्या संख्येला ३१ ने भाग जायलाच हवा. भाजक विषम, म्हणून ६२ नेही जायला हवा. शिवाय त्या भाजकाला ८ ने भागलं तर बाकी १ किंवा ७ च येऊ शकते. दोन्ही अटी एकत्र केल्या की उमेदवार उरतात ते दोनच प्रकारचे: २४८ च्या पटीत १ मिळवून होणारे, नाहीतर ६३ मिळवून होणारे. ४६,३४१ पर्यंत असे फक्त ३७३. त्यातल्या मूळ संख्या तर ऐंशीच्या आसपास.

पहिली कुठली? ६३ मूळ नाही. २४९ ला ३ ने भाग जातो. मग ३११. तिने भागून बघा: भागाकार ६९,०५,०९२, बाकी ३५. नाही जात. त्यानंतर ४९७ ला ७ भागतो, ५५९ ला १३, ७४५ ला ५, ८०७ आणि ९९३ ला ३, १०५५ ला परत ५, १२४१ ला १७. सगळे बाद. पुढची १३०३: बाकी २२६. मग १४८९: बाकी १९९. एवढे तीन भागाकार मी आत्ता चहा निवेपर्यंत पाठकोऱ्या कागदावर केले. असेच शेवटपर्यंत जायचं. एकही बाकी शून्य येत नाही.

कोपरीचा_संशयी | ४ जुलै, दुपारी १:१०

३११ चा भागाकार मी मोबाइलवर केला. ३५ च येते. मान्य. पण ८ ने भागल्यावर १ किंवा ७ का, ते तुम्ही गिळलंत.

मास्तर_नौपाडा | ४ जुलै, दुपारी ४:०५

पकडलंत. गिळलंच होतं. भाजकाच्या हिशोबात, म्हणजे त्याने भागून फक्त बाकी धरली तर, २ चा ३१ वा घात म्हणजे १. दोन्ही बाजूंना २ ने गुणा: ३२ वा घात म्हणजे २. पण ३२ वा घात हा सोळाव्या घाताचा वर्ग आहे. म्हणजे त्या भाजकाच्या जगात २ ही कोणाचा तरी वर्ग आहे. आणि ज्या विषम मूळ संख्यांच्या जगात २ हा वर्ग असतो त्यांना ८ ने भागलं की बाकी १ किंवा ७ च येते, हा सिद्ध झालेला नियम आहे. त्याची सिद्धता इथे टाइप करायला माझी बोटं नको म्हणतात. एखाद्या रविवारी तलावपाळीवर या, समोर बसून सांगतो.

डोंबिवली_फास्ट_नाही | ४ जुलै, संध्याकाळी ७:२२

अवांतर होईल, पण ठाण्यात आकड्यांचा विषय निघाला आणि कापरेकरांचं नाव नाही? डहाणूला १९०५ साली जन्म, शाळा ठाण्यात, नोकरी देवळालीला शाळामास्तर म्हणून. त्यांच्या नावाची ६१७४ ही संख्या सगळ्यांना माहीत असते. त्यांच्या डेम्लो संख्यांचं नाव तर आमच्या डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून आलं असं सांगतात, तेव्हा आमचाही थोडा हक्क आहे.

तर मी बिलाच्या आकड्याला कापरेकरी कसोट्या लावल्या. अंकांची बेरीज ४६. विषम संख्येला ४६ ने भाग जाणार कसा? म्हणजे हर्षद संख्या (अंकांच्या बेरजेने भाग जाणारी) नाही.

मग त्यांची दुसरी कल्पना. कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ घेतली तर २१+२+१ = २४. म्हणजे २४ चा जनक २१. ज्या संख्येला असा जनकच नसतो ती स्वयंभू. २० स्वयंभू आहे, ३१ पण आहे. आपल्या आकड्याचा घातच स्वयंभू म्हटल्यावर आकडाही असेल, अशी फार आशा होती. सुट्टीचा दिवस, बसलो वही घेऊन. नवाच्या हिशोबाने बघितलं तर जनकाच्या अंकांची बेरीज ५, १४, २३, ३२, ४१, ५०, ५९, ६८ किंवा ७७ यांपैकीच असू शकते. नऊच वजाबाक्या. पहिल्या चार फुकट. पाचवी:

२,१४,७४,८३,६०६. अंकांची बेरीज ४१. मिळवा: २,१४,७४,८३,६४७.

गेलं. स्वयंभू नाही. वही मिटणार होतो, म्हटलं सहावी करूनच टाकू:

२,१४,७४,८३,५९७. अंकांची बेरीज ५०. मिळवा: २,१४,७४,८३,६४७!

दोन जनक! उरलेल्या तीन जुळत नाहीत, म्हणजे दोनच. अशा संख्यांना कापरेकरांनी जंक्शन म्हटलंय. सगळ्यात लहान जंक्शन १०१: तिथे ९१ वरूनही पोचता येतं आणि १०० वरूनही.

ऐरोली_लोकल | ४ जुलै, संध्याकाळी ७:४०

ट्रान्स-हार्बरवाल्याला जंक्शनचं कौतुक नको सांगू. रोज ठाण्याला ९ नंबरवरून पूल चढून मेन लाइन पकडतो. पण हे भारी आहे. मी चार ओळींचा प्रोग्राम लिहून पडताळलं, दोनच आले.

मास्तर_नौपाडा | ४ जुलै, रात्री ८:१५

डोंबिवलीकर, इतकी वर्षं या संख्येशी ओळख आहे, पण हे मला ठाऊक नव्हतं. वहीचं ते पान फाडू नका.

गूळपोळी | ५ जुलै, दुपारी १२:००

माझी मुलगी नववीत आहे. धागा वाचून तिने विचारलं, एक कमी केला तर? ती म्हणते २,१४,७४,८३,६४६ चे अवयव हातानेच पडतात. तिच्याच शब्दांत लिहिते: "अर्धी केली की २ चा तिसावा घात वजा १. तो वर्गांचा फरक आहे. म्हणून ३२,७६७ गुणिले ३२,७६९. पहिलीचे ७, ३१, १५१. दुसरीचे ९, ११, ३३१." कॅल्क्युलेटर फक्त शेवटच्या गुणाकाराला घेतला. बरोबर आहे का, मास्तर?

मास्तर_नौपाडा | ५ जुलै, दुपारी १२:२०

शंभर टक्के बरोबर. तिला माझ्याकडून शाबासकी सांगा. एका पायरीवर केवढी मूळ, आणि तिच्या अगदी खालच्या पायरीवर अशी भुगा होणारी.

कोपरीचा_संशयी | ५ जुलै, दुपारी २:४५

सगळं छान आहे हो. उपयोग काय?

ऐरोली_लोकल | ५ जुलै, दुपारी ३:३०

हा प्रश्न तुमच्याही आधी विचारून झालाय. १८११ मध्ये पीटर बार्लो नावाच्या इंग्रज गणितज्ञाने लिहिलं होतं की ही सगळ्यात मोठी माहीत असलेली मूळ संख्या आहे आणि तिच्यातून मिळणारी परिपूर्ण संख्या (जिच्या बाकी विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच येते ती) बहुधा कायम सगळ्यात मोठी राहील, कारण असल्या संख्या नुसत्या नवलाच्या, कामाच्या नाहीत, तेव्हा पुढची शोधायला जाणार कोण? १८७६ मध्ये फ्रान्सच्या ल्युकाने ३९ अंकी मूळ संख्या हातानेच सिद्ध करून दाखवली.

आणि काम म्हणाल तर गणपतीत सोसायटीत हाउझी खेळता ना? मी आमच्या मंडळासाठी आकडे काढणारा प्रोग्राम केलाय, त्यात हीच संख्या बसलीय. १ पासून सुरुवात. १६,८०७ ने गुणा, आपल्या संख्येने भागा, बाकी ठेवा. परत तेच. १ नंतर १६,८०७, मग २८,२४,७५,२४९, मग १,६२,२६,५०,०७३. पुढचा आकडा नुसतं बघून ओळखता येत नाही. १९८८ मध्ये पार्क आणि मिलर या दोघांनी याला किमान प्रमाण म्हणून सुचवलं होतं. गुप्त कामांना चालत नाही, हाउझीला धावतं.

आता गूळपोळी ताईंच्या मुलीसाठी. १६,८०७ म्हणजे ७ चा पाचवा घात. पाचवाच का? ७ चे घात घेत गेलं तर १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतच्या सगळ्या संख्यांना एकेकदा भेटूनच आपण परत १ वर येतो. पाचव्या घाताच्या उड्या मारल्या तरी हे टिकतं, कारण तिने काढलेल्या अवयवांत ५ नाही. तिसरा घात घेतला असता तर ३ त्यात आहे, म्हणून फेरा एक तृतीयांशावरच संपला असता. तेव्हा नववीच्या मुलीचा दुपारचा उद्योग हाच त्या प्रोग्रामचा पाया.

गूळपोळी | ५ जुलै, दुपारी ४:१०

तिला दाखवलं. काही बोलली नाही, पण स्क्रीनशॉट काढून घेतला.

डोंबिवली_फास्ट_नाही | ५ जुलै, रात्री ९:००

२०३८ चं कोणी बोललं कसं नाही? जुन्या संगणकांत वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात. याच ३१ खान्यांत. एवढे सेकंद म्हणजे २४,८५५ दिवस ३ तास १४ मिनिटं ७ सेकंद. ते भरतात १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळाने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. वार काढला: मंगळवार. त्यानंतर चिन्ह उलटतं आणि घड्याळ मागे १९०१ सालात जातं.

वाघबीळकर | ५ जुलै, रात्री ९:०६

मंगळवार सकाळी ८:४४? म्हणजे ठाणे स्टेशनात भर गर्दी. इंडिकेटरवर १९०१ साल आलं तरी कोणी मान वर करून बघणार नाही.

मास्तर_नौपाडा | ६ जुलै, सकाळी १०:४०

आणखी एक सांगतो आणि थांबतो. ज्या संख्येच्या, ती स्वतः सोडून, बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच येते ती परिपूर्ण संख्या. ६ = १+२+३. मग २८, ४९६, ८१२८. युक्लिडने दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी दाखवलं की आपल्या घराण्यातली प्रत्येक मूळ संख्या एक परिपूर्ण संख्या देते. ३ मधून ६, ७ मधून २८. वाघबीळकरांच्या बिलाला महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या हप्त्याने गुणा (दोन्ही पैशांत हो, रुपयांत नको) की येते २३०५८४३००८१३९९५२१२८. एकोणीस अंकी, आठवी परिपूर्ण संख्या.

आणि हाव सुटून कोणी विचारेल की ३ वरून ७, ७ वरून १२७, तसं २ चा घातच २,१४,७४,८३,६४७ घेतला तर? ती मूळ नाही. तिला २९५२५७५२६६२६०३१ ने भाग जातो. ऑयलरची चाळणी इथेही चालते: या भाजकातून १ वजा करा आणि बिलाच्या आकड्याने भागा, बरोब्बर १,३७,४९० येतात. एवढा गुणाकार मात्र मी कागदावर दोनदा केला, पहिल्या वेळी हातचा विसरलो होतो.

वाघबीळकर | १४ जुलै, रात्री ८:३०

धागा वर काढतोय. उलगडा झाला. ऑफिसातल्या मुलाने सभासदांची यादी भरताना माझा मोबाइल नंबर थकबाकीच्या रकान्यात टाकला होता.

ऐरोली_लोकल | १४ जुलै, रात्री ८:३४

हाहाहा. दहा अंकी मोबाइल नंबर आपल्याकडे ६, ७, ८, ९ नेच सुरू होतात. कोणाचाही टाकला असता तरी मावला नसता, हाच आकडा आला असता.

वाघबीळकर | १४ जुलै, रात्री ८:४१

नोंद उलटवली, पण पूर्ण रुपयांतच. आज नवीन बिल आलं. चालू महिना ४,८५०.००, मागील थकबाकी ०.४७. चालू महिन्याचे लगेच भरले. ४७ पैसे भरायला गेलो तर ॲप म्हणतं किमान रक्कम १ रुपया. तो भरला. आता ५३ पैसे ॲडव्हान्स जमा दाखवतंय.

डोंबिवली_फास्ट_नाही | १४ जुलै, रात्री ८:५५

४७ ला जनक आहे, ३७. पण ५३ स्वयंभू आहे!

मास्तर_नौपाडा | १४ जुलै, रात्री ९:१०

आणि दोन्ही मूळ.